पिशोरचे गहू निर्दोष सुटले

सौ. गीता ईनबाई, पिशोर, यांना संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्याहून मनकर्णाबाईचा हात जोडून रामराम.

तुमची कंबर कशी आहे? वासरू बरं आहे ना? इकडं आम्ही खुशाल. तुमची लेक, माझी सून तनुजा तर लई खुशाल, आत्ता आत चहा टाकतेय अन् गुणगुणतेय. आज तिचं गुणगुणणं ऐकलं तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला, म्हणून लिहायला बसले. (अक्षर सांभाळून घ्या. शाळेत गेले नाही, दुकानांच्या पाट्या वाचून शिकले, म्हणून अक्षरं पाटीएवढी मोठी येतात अन् कागद लवकर संपतो.)

झालं असं, मागच्या सोमवारी तुमचा सत्यम गव्हाचा डबा घेऊन आला. गहू मी पिंपात ओतले, त्याला जेवू घातलं, डबा त्याच्याच हाती परत दिला. संध्याकाळपासून माझे हात कोपरापर्यंत खाजायला लागले. पुरळ अशी, जशी मोहरी सांडलीय. यांनी खोबरेल लावलं, शेजारच्या लक्ष्मीबाईंनी कडुनिंबाचा पाला उकळून दिला, पण खाज काही हटेना. आज सकाळी डॉक्टरांनी विचारलं, घरात नवीन धान्यबिन्य आलंय का, त्यात किडे असले तरी असं होतं. झालं! माझी जीभ तुम्हाला माहीत आहे. उंबऱ्यातूनच ओरडले, "तनुजा, पिशोरचे गहू गं!" पोरीनं तडक माळ्यावरची बॅग काढली अन् पिंपातले गहू पोत्यात भरायला बसली. हे काय म्हणून विचारलं, तर म्हणते, "आई, किडके असतील तर चारच्या गाडीनं परत जातो आम्ही. गहू अन् मी."

ईनबाई, तेव्हा घड्याळात बारा. गहू चाळले, पाखडले, एक सोंडा नाही. मिठाच्या पाण्यात टाकले (किडीनं पोखरलेला दाणा वर तरंगतो), तर वर आली एक काडी अन् माझीच टिकली. मग चक्कीवाल्या कडुबाची पारख आठवली: पिठाचा ढीग वाटीनं दाबून गुळगुळीत करायचा अन् तासभर हात लावायचा नाही. आत जिवंत काही असलं तर वरचा गुळगुळीतपणा मोडतो. मी काळ्या पाटीवर तुमच्या गव्हाचं पीठ, ज्वारीचं पीठ, बेसन असे ढीग मांडले. हे म्हणाले, "सगळ्यांची परीक्षा घेता, तर माझ्या शेळीचा भरडा का सोडता?" (गाव सोडलं पण शेळी सोडली नाही, जिन्याखाली बांधलीय.) चेष्टेचेष्टेत तोही मांडला. मग आम्ही तिघं दूध उतू जायची वाट बघावी तसे बसून राहिलो.

दोनच्या सुमाराला भरड्याला भेग पडली, टोक खचलं, अन् कडेचं पीठ चक्क चालायला लागलं! यांच्या भिंगातून पाहिलं तर त्या धुळीला पाय होते. भरड्याचं पोतं न्हाणीच्या ओल्या भिंतीला टेकवलेलं. सोमवारीच फोडलं होतं (कशासाठी, ते पुढं सांगते), अन् त्यात रोज हात घालत होते मी. त्या पोत्याजवळ पेपरमिंटसारखा वास येई, तो या बारीक किड्यांचाच निघाला. मी आठ दिवस यांच्यावर संशय घेत होते, की चोरून बिडी ओढतात अन् वर गोळी चघळतात! शेळीनं तर त्या भरड्याला तोंडही लावलं नव्हतं. आम्ही म्हणायचो, माजली. घरात एक तीच शहाणी निघाली.

मी तनुजापुढं कान धरले. म्हणाली, "खाजवून झालं असेल तर बॅग वर ठेवायला हात लावा." मग तुमच्या गव्हाच्या पोळ्या झाल्या, मी दोन जास्तच खाल्ल्या.

घरच्यांना आशीर्वाद.
तुमची, अंगानं खाजरी पण मनानं हलकी झालेली,
मनकर्णा

ता. क. : शेजारचा अभय आत्ताच तुमच्याकडं निघालाय, त्याच्या हाती हे देते. फोनवर बोलता येत नाही, तनुजा जवळच असते. पाहुण्यांचा डबा रिकामा परत धाडू नये, म्हणून सोमवारी मी ते पोतं फोडलं अन् दोन्ही हातांनी चेपून चेपून तुमच्या वासरासाठी भरडा भरून दिला. डबा उघडू नका.

ता. क. : उघडला असेल, हात खाजत असतील, अन् कुणी "संभाजीनगरचा भरडा गं!" म्हणालं असेल, तर ते खरं आहे. भरडा उकिरड्यात पुरा, डबा कडक उन्हात ठेवा, मला माफ करा. तनुजाला एवढ्यात सांगू नका. बॅग नुकतीच माळ्यावर गेलीय.

ता. क. : पुढल्या वेळी गहू पोत्यात पाठवा. पोतं रिकामं परत केलेलं चालतं.