शंभर किलोमीटरवरची साय

४ मार्च
आलो बुवा एकदाचे! टेकडीवर रडार आणि त्याला लागूनच आमच्या दोन खोल्या. ऑफिसला जायला चप्पलसुद्धा नको. खारू, म्हणजे माझी सहा वर्षांची लेक, आल्याआल्या अँटेनांच्या रांगांमधून हुंदडून आली. तिचा बाबा नोकरीपायी शहरातच राहिलाय, सुट्टीला येईल. काम हलकं आहे. शंभर किलोमीटर उंचीवर विद्युतभारित हवेचा एक पातळ थर असतो, दुधावरच्या सायीसारखा. रडारच्या लहरी त्याच्यावर आपटून परत येतात, त्या मोजायच्या. गेलं वर्षभर नुसती फरपट झाली होती. इथे जरा पाठ टेकता येईल.

६ मार्च
थराला सुरकुत्या पडतात, त्यातून लाटा जातात. बघत राहावंसं वाटतं. रोज दुपारी तो जरासा खाली सरकतो आणि विरतो. आजचा विरलाच नाही, सत्तरपर्यंत उतरला. आमच्या साहेबांना सगळे काका म्हणतात. त्यांना दाखवलं, तर म्हणाले, ऐंशीच्या खाली असतो तो कचरा, खालची मर्यादा ऐंशीवर ठेव म्हणजे पडदा स्वच्छ. ठेवली. मलाही डोकं लावायचा कंटाळाच आला होता.

८ मार्च
अंग मोडून आलंय. झाडूवाल्या मावशी अर्धं अंगण झाडून तिथेच आडव्या झाल्या. काका टेबलावर डोकं ठेवून झोपलेत. हलवलं तर नुसतं हूं. खारू खेळायला गेली नाही. एरवी हिला घरात ठेवायचं तर बांधून ठेवावं लागतं. मला भीती वाटतेय.

९ मार्च
मर्यादा काढून पाहिलं. थर तीन किलोमीटरवर. लाटा तशाच, संथ. रडार बंद केलं, पण अंगावरचं ओझं काही हललं नाही. हलेल कसं? आपण नुसतं बघत होतो. मी तर तेही सोडलं होतं.

खारूला कडेवर घेऊन टेकडी उतरायला निघाले. दारापर्यंतच पोचले. एवढी जड कधी झाली ही? तिच्या बाबाला फोन केला, येऊन घेऊन जा आम्हाला. म्हणाला, उजाडताच निघतो.

१० मार्च
काका उठत नाहीत. मावशीही नाहीत.
खारू श्वास घेते— थांबते— घेते.
चमचाभर पाणी पाजलं. हात भरून आला.
झोपायचं नाही.

दुपार
गाडी! आला. खिडकीतून दिसतोय. खारू, बाबा आला गं— डोळे उघड—
हाक मारतेय, आवाज फुटत नाही.
गाडीतून उतरला. चार पावलं आला. थांबला.
बसलाय. पायरीवर.
खिडकीकडे बघून म्हणाला, आलोच, जरा दम—