मासळीच्या पिंपातलं सरबत

परळ, ता. ३ मे १९६०

ती. कोंडीरामदादा यांस,
भिवाचा आदरपूर्वक जयभीम.

आपली कंबर आता कशी आहे? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे मी ठणठणीत आहे. आणि दादा, महाराष्ट्र झाला! भायखळ्यातही रोषणाई झालीच असेल. पण आमच्या चाळीचं सरबत तुम्ही प्यायला नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो.

झालं असं, की मिरवणुकीतल्या लोकांना नाक्यावर लिंबाचं सरबत द्यायचं चाळीच्या कमिटीत ठरलं. एवढं सरबत करायचं कशात, असा प्रश्न निघाला आणि माझं तोंड सुटलं, "पिंप माझ्याकडे लागलं!" (माझ्याकडे बादली एकच, तीही गळकी.) माहीमच्या कोळीवाड्यातला धोंडू माझा दोस्त. त्याने मोठ्या मनाने छातीएवढं लाकडी पिंप दिलं. त्यात तीन वर्षं खारवलेली मासळी मुरत होती हे त्याने लपवलं नाही, पण "धुतलंस की जाईल रे" असंही म्हणाला. हातगाडीवर घालून निघालो, तर दादरपासून मांजरांची एक वेगळीच मिरवणूक माझ्यामागे लागली.

शनिवारी सकाळी चौकात घासायला बसलो. आधी राख आणि काथ्या. वास गेला नाही, उलट राखेलाच लागला. मग घरातली सगळी चिंच कोळून लावली, तेव्हा तो असा काही खुलला की शेजारचा रघु "आज कालवण कुणाकडे?" विचारत बाहेर आला. मग उकळती शिकेकाई, वर धुण्याचा सोडा. फेस काठावरून वाहायला लागला. तो ओतून टाकला, तरी तळापर्यंत हात पोचेना, म्हणून मीच आत उतरलो, खाली बसलो, आणि गुडघे अडकले. नेमके त्याच वेळी कमिटीचे सेक्रेटरी रामजी पाहणीला आले.

"भिवा कुठाय?"

"आत," तुमची राधा म्हणाली.

ते खोलीत डोकावून परत आले. "आत नाही."

"त्या आत नाही, ह्या आत."

दोघांनी पिंप धरलं, दोघांनी मला, आणि कसाबसा मोकळा झालो. रामजींनी नाकाला रुमाल लावून सांगितलं, संध्याकाळपर्यंत वास गेला नाही तर नाक्यावरची जागा समोरच्या चाळीला. ते पन्हं घेऊन तयारच होते! दादा, मी पुन्हा काथ्या उचलला. तेव्हा राधा म्हणाली, "बेसन लावा. मासळीचे हात मी त्यानेच धुते."

"मग सकाळपासून बोलली का नाहीस?"

"विचारलंत कुठं?"

चाळीस खोल्यांतून मूठमूठ बेसन आलं. बायकांनी पदर खोचले. उन्हं उतरेपर्यंत पिंप चारदा माखलं, चारदा धुतलं. रामजींनी अख्खं डोकं आत घालून हुंगलं, मग त्यात पाणी ओतायला लावून त्यातलंच पेलाभर प्यायले आणि पसंतीची मान डोलावली. चौकात अशी आरोळी उठली म्हणून सांगू!

रविवारी पहिला पेला कमलाबाईंना दिला. छप्पन सालच्या गोळीबारात त्यांचा वसंत गेला, हे तुम्हाला ठाऊक आहे. बाईंनी पेला दोन्ही हातांत धरला, तळापर्यंत प्यायल्या आणि म्हणाल्या, "गोड झालंय रे. अजून दे." मग मिरवणूक आली. पिंप तीनदा भरलं, तीनदा रिकामं झालं. घोषणा देऊन माझा आवाज अजून बसलेला आहे, म्हणून तर पत्र.

आपला,
भिवा

ता. क. : राधा मजेत आहे असं लिहिणार होतो, पण ती कालपासून माहेरी, तुमच्याकडेच आहे, तेव्हा ते तुम्हीच मला कळवा.

ता. क. दुसरा : पिंप घासायला मी ट्रंकेतलं एक मऊ लुगडं घेतलं होतं. ते जुनं नव्हतं. मऊ होतं कारण रेशमी होतं, आणि लग्नात तुम्हीच तिला दिलेलं होतं. मी रविवारी येतो. दार तेवढं तुम्ही उघडा, तिला उघडू देऊ नका.