आपल्या शेडमध्ये तिकडचे शर्ट

४ मे, रवि.
दादा आला. चहा नको म्हणाला, तेव्हाच ओळखलं. शेलार गावातली आमची शेड गोडाऊनला द्यायचं ठरवतोय. बाबांचे यंत्रमाग भंगारात. भाड्याने घेणारी पार्टी बांगलादेशचे तयार शर्ट आणते. शेजारी देशांचा करार, म्हणून ड्युटी माफ. "त्यांचा शिवलेला शर्ट आपल्या नुसत्या कापडाच्या भावात पडतो, नंदे. कुणाशी झगडू?" शेड दोघांच्या नावावर, म्हणून मला विचारायला आला. नाहीतर आमचे बंधुराज कशाला विचारतात!
बघते म्हटलं.

६ मे
दुपारभर बाबा आठवत होते. तेव्हा आपलं कापड तिकडे जायचं. चौकडीचं, लुंगीचं. ते ढाक्याला गेल्याचं व्यापाऱ्याने सांगितलं, तर बाबांनी माझं भूगोलाचं पुस्तक ओढून आईला नकाशात ढाका दाखवलं. आई अंजूर गावची. म्हणाली, "कापड येवढं लांब गेलं, आन् मी अजून कल्यानच्या पुढं गेली न्हाय!" त्या रविवारी बाबांनी तिला मुंबई दाखवली.
मागांच्या खडखडाटात दादा आणि मी हातवारे करून भांडायचो. ते दिवस फार हवेसे वाटतात. काय करू, वाटतात.

८ मे
दादाने राहनाळला नेलं, त्या पार्टीचं गोडाऊन बघायला. छपरापर्यंत खोके. एक शर्ट उलटापालटा केला. नावं ठेवायची तयारी करूनच गेले होते, पण शिलाई चांगली, बटणं पक्की. तिकडे कुणी बाई मान मोडून शिवत असेल, तिच्यावर काय रागवायचं.
मग सहज दादाची कॉलर उलटली. तेच लेबल!
"तुझ्या वहिनीने आणला. दिवाळीपासून घालतोय."
मागवाला माणूस आणि अंगात हे! दोघंही इतके हसलो की तिथला सुपरवायझर बघत राहिला.

१२ मे
हो म्हणून टाकलं. दादाने हुश्श केलं. भंगारवाला २३ला येणार.
बाबांच्या वेळेपासून मागांची दुरुस्ती बघणाऱ्या रफीकभाईंना दादाने सांगितलं. ते फक्त "अच्छा" म्हणाले आणि तेलाचा डबा घेऊन परत आत गेले.

१८ मे, रवि.
पेपरात बातमी. बांगलादेशचे कपडे आता जमिनीच्या रस्त्याने आणायचे नाहीत, फक्त ठरावीक बंदरांतून. पार्टीचा दादाला फोन, "अभी रुको, देखते हैं."
इतकी वर्षं चहाच्या टपरीवर टेबल आपटून 'बॉर्डर बंद करा' ओरडणारा हाच आमचा दादा. आज खरंच बंद केली, तर सरकारला शिव्या! मला हसू आवरेना. माझ्याकडे जेवायला आला होता, न जेवता उठून गेला. हसायला नको होतं. वरण तसंच राहिलं, वाईट वाटलं.

२१ मे
आता मुंबईच्या व्यापाऱ्याचा फोन. तिकडचा माल अडकलाय, महिनाभराचं कापड पाहिजे, माग चालवता का? पुढचं माहीत नाही. आज बंद केलेलं उद्या उघडतील.
मी म्हटलं, चालव ना दादा. भंगारवाल्याला नको सांग.
तो शांतपणे म्हणाला, "तुला माग ऐकायचे असतात. चालवायचे मला असतात."
माझी पेन्शन दर महिन्याला येते.
शेवटी म्हणाला, शुक्रवारी बघू.

२३ मे, शुक्र.
शेडच्या पायरीवर बसून लिहितेय. भंगाराचा ट्रक दारात, क्लीनर हॉर्न वाजवतोय. दादा फोन उचलत नाही. वहिनी म्हणते, सकाळीच घरातून निघाले.
रफीकभाई कुलपाशी उभे होते. म्हणाले, "नंदाताई, ले जाना है तो आजच घेऊन जाऊ द्या. जुम्मा है, लूम तसेही बंद. कल चालू करके परसों ले जाओगे, तो वो मुझसे देखा नहीं जाएगा."
चावी माझ्या हातात दिली आणि नमाजाला गेले.
ट्रकवाल्याला पाणी दिलं. दादा येईपर्यंत थांब म्हटलं. तो विचारतोय, "आएगा ना पक्का?"
आत इतकं शांत आहे की रस्त्यावरची प्रत्येक रिक्षा ऐकू येतेय. थांबली की मान वर करून बघते.