शोकेसची किल्ली माझ्याकडे

३ मार्च, सकाळी ९.१०
नवी वही. नियम तीन. रोज लिहायचं, खरं लिहायचं, खाडाखोड करायची नाही.

डीनसरांनी केबिनमध्ये बोलावलं. चौदा तारखेला दुपारी तीन वाजता गौरव समारंभ. वर्षभरात आपल्या मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी, विद्यार्थ्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी जे जे मिळवलं ते सगळं खालच्या हॉलमधल्या शोकेसमध्ये मांडायचं. मांडणी संपूर्ण माझ्याकडे. सर म्हणाले, तुझ्याइतकं नेटकं इथे कुणाला जमत नाही. हे वाक्य मी जिना उतरताना तीनदा म्हणून पाहिलं.

शोकेस म्हणजे छोटी खोलीच. पुढून अख्खी काच, मागून दार. कोपऱ्यात अप्पा. अप्पा म्हणजे अ‍ॅनाटॉमीचा जुना सांगाडा. त्याला बाद करायला नक्की कुणाची सही लागते ते वर्षानुवर्षं ठरत नाही, म्हणून अप्पा अजून नोकरीत.

लॅब टेक्निशियन कोर्सच्या फॉर्मची मुदतही चौदा तारखेलाच, संध्याकाळी पाचपर्यंत. कर्मचाऱ्यांसाठी जागा एकच. वय पंचवीसच्या आत हवं. मला जूनमध्ये पंचवीस पूर्ण होतात. म्हणजे या वर्षी, नाहीतर कधीच नाही. फॉर्मवर फक्त डीनसरांची सही राहिली आहे.

हेडक्लार्क काका म्हणाले, अरे, आत्ता केबिनमध्येच होतास ना, मग घ्यायची नाही का सही? दोन सेकंदांचं काम. काकांना टायमिंग कळत नाही. समारंभ झाल्यावर सर खूश असणार. तेव्हा फॉर्म पुढे केला की सही तर होईलच, वर दोन चांगले शब्दही लिहितील.

५ मार्च
एकूण एकतीस यशं आली. सुवर्णपदक, परदेशी जर्नलमधला शोधनिबंध, उत्कृष्ट परिचारिका पुरस्कार, अपघाताविना दहा वर्षं अँब्युलन्स चालवल्याचं प्रशस्तिपत्र, सर्जरीच्या सरांचा बॅडमिंटनचा कप. लावायची पद्धत ठरलेली. यश किती मोठं ते बघायचं नाही, माणूस किती मोठा ते बघायचं. त्यामुळे बॅडमिंटन डोळ्यांच्या उंचीवर आणि शोधनिबंध गुडघ्याशी.

फॉर्म नवीन कागदावर पुन्हा लिहिला. जुन्यावर एक टिंब जाड पडलं होतं.

६ मार्च, दुपारी २.००
जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी मागच्या दाराने आत शिरलं. शोधनिबंध डोळ्यांच्या उंचीवर, कप अप्पाच्या मागे.

दुपारी ४.००
कप पुन्हा वर. शोधनिबंध अप्पाच्या हातात. शोधनिबंधवाल्या मॅडम आल्या. म्हणाल्या, मी तर या बाजूला फिरकलेही नाही, पण असलीच तर वरची जागा माझी. सर्जरीचे सरही कधीच फिरकलेले नाहीत. मग दाराखालच्या फटीतून आत सरकवलेली तीन प्रमाणपत्रं कुणाची? एक तर शाळेतल्या चित्रकलेचं.

असं चालणार नाही. बंदोबस्त करणार.

७ मार्च
कॉलेजचा सुतार बोलावला. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, कायम कानामागे पेन्सिल. मी सांगितलं तसं नवं लॅच बसवलं. दार ओढलं की आपोआप बंद. उघडायचं फक्त बाहेरून, किल्लीने. किल्ली एकच आणि ती माझ्याकडे. दाराखाली रबरी पट्टी, कागदसुद्धा सरकणार नाही. त्याने विचारलं, आतून उघडायला एखादी मूठ लावू का? मी म्हटलं, कुणासाठी, अप्पासाठी? तो म्हणाला, बघा बुवा, आता करतोय तेवढ्यात करून टाकतो. मी नको म्हटलं. प्रत्येक गोष्टीला पळवाट ठेवायची सवयच वाईट.

टेबलावरचा फॉर्म बघून तो कशाचा म्हणून त्याने विचारलं. तोही बारावी आहे म्हणे. ज्ञान वाटल्याने वाढतं, म्हणून एक कोरा फॉर्म दिला. त्याने फळीवर ठेवून पाच मिनिटांत भरला. चार ठिकाणी खाडाखोड. माझ्याने बघवेना. वेलांट्या तेवढ्या सुधारून दिल्या.

१० मार्च
ताईने जेवताना विचारलं, झाली सही? मी टायमिंग समजावून सांगितलं. ती भांडी आवरायची थांबली. म्हणाली, अरे, लोकांच्या सर्टिफिकेटांना टाचण्या टोचत म्हातारा होशील. आई गेल्यापासून तुझं हेच बघतेय, सगळं नीट होईपर्यंत काही होतच नाही. ताईला ऑफिसचं वातावरण माहीत नाही.

संकल्प: चौदाला रात्री घरी जाताना फॉर्मची पोच घेऊनच जायचं आणि ती न बोलता तिच्या ताटाशेजारी ठेवायची.

१२ मार्च
सुतार भेटला. डीनसर व्हरांड्यातून फोनवर बोलत चालले होते, याने फळी पुढे धरली, सरांनी चालता चालता सही केली. फोन चालूच. मी म्हटलं, ही काय पद्धत झाली? तो म्हणाला, पद्धत नाही, सही झाली. बिचारा. खाडाखोडीचा फॉर्म कोण घेणार?

१४ मार्च, दुपारी २.३५
फॉर्म खिशात. किल्ली खिशात. शोकेसमध्ये शेवटचा हात फिरवतोय. दार मागे उघडंच ठेवलं आहे.

२.४८
मागे आवाज झाला. काकांचा असावा. पाहुणे येणार, आणि दार हे असं उघडं कुणी टाकलंय, असं काहीतरी. मग खट्. लॅच उत्तम चालतं.

२.५२
किल्ली माझ्याकडेच आहे, त्यामुळे काळजी नाही. भोक मात्र बाहेरच्या बाजूला, आणि मोबाईल वर टेबलावर चार्जिंगला.

२.५७
किल्ली दाराखालून बाहेर सरकवून पाहिली. पट्टी पक्की. सुताराचं काम चोख आहे.

३.०५
पाहुणे आले. काच वाजवणं बरं दिसणार नाही, समारंभाचा विचका होईल. अप्पाशेजारी ताठ उभा आहे. हात मागे. घामाने चष्मा घसरतोय, वर करता येत नाही. हे अप्पाच्या आडून लिहितोय.

३.४०
काचेतून ऐकू येत नाही, ओठ दिसतात. सुवर्णपदकवाली रडली. अँब्युलन्सच्या ड्रायव्हरचं नाव घेतल्यावर विद्यार्थ्यांनी सगळ्यात जास्त टाळ्या वाजवल्या. माझ्याही हातून वाजल्या. एक पाहुण्या दचकल्या.

४.१५
शेवटी मांडणी बघायला डीनसर स्वतः काचेसमोर. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. टायमिंग अचूक. फॉर्म उलगडून काचेला लावला. सही जिथे करायची तिथे बोट ठेवलं.

सरांनी चष्मा लावला. पूर्ण वाचला. पाहुण्यांनाही वाचायला लावला. मान डोलावली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटो काढला. मग चहाला गेले.

४.३०
काच वाजवली. दोन विद्यार्थी थांबले. मी दाराकडे हात केला. त्यांनी अंगठा दाखवला आणि अप्पाबरोबर सेल्फी काढला.

४.५२
आठ मिनिटं म्हणजे तसा बराच वेळ.

५.००
हॉलमध्ये कुणी नाही. घड्याळ समोरच आहे. ते मीच सरळ लावलं होतं.

५.३५
सुताराने बिजागऱ्या काढून बाहेर काढलं. इतका वेळ कुठे होता विचारलं. कोर्सचा फॉर्म द्यायला गेला होता. वाटेत तो मला शोधत होता म्हणे, दोघांचे बरोबर द्यावेत म्हणून. म्हणाला, मूठ लावू देत होतो ना हो. मग मला पाणी आणून दिलं.

रात्री ताईने भात जास्त वाढला.

१७ मार्च
डीनसरांना भेटलो. म्हणाले, तो अर्ज होता? मला वाटलं तूही काहीतरी मिळवलंस. त्यांनी लगेच सही केली. खरंच दोनच सेकंद लागले. मुदत संपल्याचं मी त्यांना सांगितलं नाही. सही सुंदर आहे, फाईलला लावली.

२४ मार्च
लेखी आदेश: शोकेसची जबाबदारी पुढील सूचनेपर्यंत माझ्याकडे. याला एक प्रकारे बढतीच म्हणायची.

आज बत्तिसावं यश लावलं. कोर्सला निवड झाल्याबद्दल सुताराचं अभिनंदन. कर्मचाऱ्यांतून अर्ज एकच आला होता. अक्षरं मीच काढली. पद्धतीप्रमाणे त्याची जागा गुडघ्याशी येते. मी डोळ्यांच्या उंचीवर लावलं आणि बॅडमिंटनचा कप खाली घेतला. किल्ली माझ्याकडे आहे.

समारंभाचा फोटोही लागला. काचेमागे आम्ही दोघं. फोटोखालच्या ओळीत अप्पाचा उल्लेख आहे.

आतून मूठ लावून घ्यायची म्हणून अर्ज केला. काका म्हणाले, लावणार कोण? सुतार गेला कोर्सला. नवा येईपर्यंत दोन वर्षं धर.

संकल्प: उद्यापासून शोकेसमध्ये जाताना डबा बरोबर न्यायचा.