लाल कूपेचे टायर

१९ जुलै, शनिवार

तिन्ही कूपे गाड्या आल्या! कल्याण पूर्वेला आमच्या बिल्डिंगखाली एवढा थाट पहिल्यांदाच. करडी जर्मन, निळी जपानी आणि आपली देशी लाल — किमतीला करडीच्या निम्मीसुद्धा नाही. सेक्रेटरी धावत वर आले. "मॅडम, घेतल्या की काय?" म्हटलं, कंपन्यांच्या आहेत, व्हिडिओपुरत्या. चार दिवसांनी परत. बिचाऱ्यांचा चेहराच पडला.

आईने खिडकीतून बघितलं आणि म्हणाली, "दोनच दारं? मागच्यांनी काय डिकीतून शिरायचं?" मी इतकी वर्षं गाड्यांचं परीक्षण करते, पण आईसारखं एका वाक्यात जमत नाही. खाली जाऊन तिन्हींच्या मागच्या सीटवर बसून आले. तिन्हींत गुडघे हनुवटीला! तिथे तरी गरीब-श्रीमंत एकच.

लालच्या लाँचला बाकीचे चॅनलवाले कोपऱ्यात उभं राहून हसत होते. "गरिबाची स्पोर्ट्स कार." मला राग आला होता. अजूनही आहे. मी स्कूटरींचे व्हिडिओ करायचे तेव्हा ह्याच मंडळींनी मला विचारलेलं — कल्याणला कोण बघतं गं हे?

२० जुलै, रविवार

सकाळी टिटवाळ्याच्या बाजूच्या नव्या रस्त्यावर गेलो. मी आणि राकेश. माझा धाकटा भाऊ, माझा कॅमेरामन आणि माझा सगळ्यात मोठा टीकाकार. रात्रभर पाऊस पडून गेलेला, रस्ता चांगला ओला. आम्हाला हवा तसाच.

पद्धत नेहमीचीच. चुन्याची आडवी रेघ. ऐंशीच्या वेगाने यायचं, रेघेवर ब्रेक दाबायचा, पूर्ण. गाडी थांबेल तिथे राकेश वीट ठेवतो. करडी रस्त्याकडेच्या एका विजेच्या खांबाशी बरोब्बर थांबली. निळी खांब ओलांडून गेली. आणि लाल — खांबाच्या कितीतरी अलीकडे! मी आतल्या आत किंचाळले. राकेश तर वीट डोक्यावर घेऊन नाचला.

मग तो लालच्या टायरचा क्लोज-अप घ्यायला वाकला आणि तसाच राहिला.

"ताई, हे टायर शोरूमच्या गाडीला नसतात गं."

मी उतरून बघितलं. खरंच! महागडे, मऊ रबराचे, ओल्या रस्त्याला चिकटून राहणारे. विकायच्या गाडीला साधे लावतात. पत्रकातही साधेच लिहिलेत. म्हणजे आमच्यासारख्यांकडे पाठवायच्या गाडीला कंपनीने खास टायर चढवले होते.

"दाखवू ना?" राकेश म्हणाला.

"नको. तो शॉट उडव."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग कॅमेरा बंद केला.

२२ जुलै, मंगळवार

बाकी सगळं खरं सांगणार आहे. करडीचं दार लागतं तेव्हा तिजोरी बंद झाल्यासारखं वाटतं, लालचं लागतं तेव्हा पिठाच्या डब्याचं झाकण. शीळ रोडच्या खड्ड्यांत लाल कमरेचा हिशेब मागते. आत सगळं प्लास्टिक. गाणी लावली की दरवाजे थरथरतात. पण वळणावर! स्टिअरिंग हातात बोलतं तिचं. करडी चालवताना मी पाहुणी असते, लाल चालवताना मी ड्रायव्हर असते. निळी मधल्या मधे — शहाण्या मुलीसारखी, काही आठवतच नाही तिचं.

आणि करडी काल नौपाड्यात एका दवाखान्यापुढच्या स्पीडब्रेकरवर पोटावर बसली. काय तो आवाज! आतले पेशंट बाहेर आले. राकेशने ते सगळं शूट केलं. ते ठेवणार आहोत.

ते ठेवणार. टायरचं उडवणार. लिहिलं की कसं दिसतं ना!

मला लाल जिंकायला हवी होती. ब्रेकच्या बाबतीत हरली असती तर सगळे म्हणाले असते, बघा, आम्ही म्हटलं नव्हतं? ते मला ऐकायचं नव्हतं. बस्स.

२५ जुलै, शुक्रवार

व्हिडिओ टाकला. "ओल्या रस्त्यावर ही तुमच्या जर्मन गाडीच्या आधी थांबते. डोळे झाकून घ्या!" — माझंच वाक्य. लोक तेच वाक्य कापून एकमेकांना पाठवताहेत. जय भीम ताई, अभिमान आहे, वगैरे. एवढं आजवर कुठलंच चाललं नव्हतं.

राकेश जेवताना ताट घेऊन वेगळा जाऊन बसला. आईने विचारलं, दोघांचं भांडण झालं का? नाही, म्हटलं.

९ ऑगस्ट, शनिवार

प्रीतमचा फोन. माझा मामेभाऊ — नौपाड्यातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासतो, टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये मामीबरोबर राहतो. कुकर घ्यायचा तरी चार दुकानं पालथी घालणारा माणूस.

"ताई, लाल बुक केली!"

"अरे, जरा बाकीच्या चालवून तरी बघायच्या."

"कशाला? तूच म्हणालीस ना डोळे झाकून. झाकले."

खूप हसला. मीही हसले. टायरचं ओठांवर आलेलं. पण त्याचा आनंद इतका होता की… नाही, हे खोटं आहे. माझी लाज त्याच्या आनंदाहून मोठी होती, म्हणून बोलले नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

प्रीतमची गाडी आली. शोरूममधल्या पोराने चाकाखाली ठेवायला लिंबं काढली. मामी म्हणाली, "ती इकडे दे बाबा, सरबत करते." टिटवाळ्याला बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये स्टूल मांडलं, त्यावर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या, मोगऱ्याची फुलं. सगळ्यांनी हात जोडून त्रिशरण घेतलं, मग पंचशील. मामी पुढे म्हणत होती, आम्ही मागून.

चौथं शील खोटं न बोलण्याचं. लहानपणापासून हजारदा म्हटलंय, झोपेतसुद्धा म्हणेन. आज माझा आवाजच फुटला नाही. मामीला वाटलं मला गहिवरून आलं. तिने एका हाताने माझी पाठ थोपटली आणि पाचवं पुढे म्हणाली.

नंतर प्रीतमने सगळ्या नातेवाइकांना सांगितलं — ताईने निवडून दिली. मी पेढा खाल्ला.

चाकांकडे बघितलं होतं. साधे टायर.

१६ सप्टेंबर, मंगळवार

प्रीतमचा फोन. मामीला डोळ्याच्या डॉक्टरकडे नेत होता. पत्री पुलावर पुढच्या रिक्षाने अचानक ब्रेक मारला. पावसाची भुरभुर चालूच. लाल थांबली, पण सरकून, जरा तिरकी. रिक्षाला टेकली नाही. मामीने पर्स तोंडावर धरलेली.

"माझाच पाय उशिरा पडला असेल, ताई. तू तर दाखवलेलंस कशी थांबते ते."

मी म्हटलं, हो, असेल.

हो म्हटलं मी!

१७ सप्टेंबर

कामात लक्ष नाही. सारखी मामीची पर्स डोळ्यांपुढे.

२० सप्टेंबर, शनिवार

सांगितलं.

राकेशला बरोबर नेलं नाही, ते माझ्या एकटीचं होतं. प्रीतम गाडी पुसत होता. मऊ पिवळं फडकं, बादलीत शाम्पूचा फेस — रोज पुसतो म्हणे. मी उभ्या उभ्या सगळं बोलले. टायर, शॉट, का काढला. तो पुसायचा थांबला नाही. पुढचं चाक पुसलं, मागचं पुसलं. मग विचारलं, "राकेशला माहीत होतं?"

"हो."

"आणि पत्री पुलाचं सांगितलं तेव्हा पण तू…"

"हो."

त्याने फडकं पिळलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडला नाही. मी म्हटलं, टायर मी बदलून देते, चारही. तो म्हणाला, "टायरचं नंतर. आधी हे सांग, ही गाडी चांगली आहे की नाही? खरं सांग."

मला माहीतच नव्हतं! साध्या टायरवर मी ती चालवलीच नव्हती. दोन लाख लोकांना सांगून बसले, आणि मला माहीत नव्हतं.

२१ सप्टेंबर, रविवार

तोच रस्ता. पहाटे सर येऊन गेलेली. जुन्याच जागी नवी चुन्याची रेघ, राकेशची वीट. प्रीतम त्याची गाडी घेऊन आला, किल्ली माझ्या हातात दिली, आणि खांबापाशी जाऊन उभा राहिला. मी म्हटलं, बाजूला हो. झाला, पण थोडाच.

ऐंशी. रेघ. ब्रेक.

थांबली. खांबाच्या अलीकडे! मागच्या वेळेइतकी नाही, पण अलीकडे — चांगली दोन पावलं. विश्वास बसेना. परत आले, परत दाबला. अलीकडे! पुन्हा. अलीकडे! साध्या टायरवर, करडीच्या आधी. पुलावर बहुतेक तेल सांडलेलं असणार किंवा चिखल असणार, गाडीचा दोष नव्हता, प्रीतमच्या पायाचाही नव्हता.

मी उतरले आणि रडायलाच लागले. राकेशने मला मिठी मारली, "जिंकली गं, खरीखुरी जिंकली!" लाल मुळातच तोडीस तोड होती. तिला माझ्या मदतीची गरजच नव्हती. मी तिच्या बाजूची म्हणून मिरवत होते, आणि लाँचला हसणाऱ्यांपेक्षा कमी विश्वास माझाच होता तिच्यावर. ते निदान उघड हसले.

प्रीतम विटेकडे बघत होता.

"मग खोटं कशाला बोललीस, ताई?"

मी वाकून वीट उचलली.

२४ सप्टेंबर, बुधवार

नवा व्हिडिओ टाकला. सगळं सांगितलं. खास टायर, उडवलेला शॉट, साध्या टायरवरची नवी चाचणी. राकेशने एकही कट मारला नाही, माझं नाक पुसणंसुद्धा ठेवलं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

लोकांनी पहिली दोन मिनिटं बघितली. शेवटी खांब आहे, तिथपर्यंत कुणी पोचलंच नाही. "बघा, फसवणूक. स्वस्त ते स्वस्तच." "किती घेतले होते ताई?" "आपल्याच लोकांना टोपी घातली." हे शेवटचं वाचून फोन पालथा ठेवला.

लाल कंपनीच्या प्रसिद्धीवाल्या दिपेशचा फोन आला तेव्हा मी टेंभी नाक्यावर देवीच्या गर्दीत रिक्षात अडकलेली. "मॅडम, गाडी तर जिंकतच होती ना? मग हे उकरून काढायची काय गरज?" मी म्हटलं, टायर तुम्ही बदलले. तो म्हणाला, "सगळेच बदलतात. सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं. आता बुकिंग कॅन्सल होताहेत." ढोल इतके जोरात होते की मला ओरडून म्हणावं लागलं — बरोबर आहे तुमचं! रिक्षावाल्याने आरशातून बघितलं.

तीच तर गंमत आहे. तेव्हा खरं बोलले असते तर साध्या टायरवर चाचणी मागितली असती, आणि लाल ताठ मानेने जिंकली असती. तिला हरवलं ते मी. जर्मनांनी नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

मामीने डबा पाठवला. वरणफळं. म्हणजे मामीने माफ केलं असावं. प्रीतम फोन उचलतो, नीट बोलतो, तब्येत विचारतो. गाडीचं काढत नाही. मीही नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

प्रीतमने लाल विकायला काढली. मी विचारलं, काही बिघडलं का रे? म्हणाला, "नाही ताई, गाडी एक नंबर आहे. पण ब्रेक दाबायच्या आधी तू आठवतेस, आणि पाय घाबरतो."