दर दीड तासानं येणारा

ता. जत
११ ऑगस्ट १९७९

चि. जोतीराम यास, महाबळेश्वर मुक्कामी,

मोठा भाऊ हंबीरराव याचे आशीर्वाद. तू आणि तुझी टॅक्सी दोघंही ठणठणीत असाल अशी आशा आहे. तिकडे पावसानं दार उघडू दिलं नसेल; इकडे ढग नुसती हजेरी लावून पुढे जातात. कागदाच्या माथ्यावर ‘श्री’ घातलेला नाही, तो घाईत राहिला असं तूर्त समज. ‘इकडील सर्व क्षेम’ हेही गाळलंय. (अंतर्देशीय पत्रात जागा कमी असते.)

भरतीच्या मैदानात छाती मोजायच्या रांगेतून तू सदरा हातात घेऊन पळालास, त्याला नऊ वर्षं झाली. फौजेतून पळालेले आबांनी खूप पाहिले, पण फौजेत शिरायच्या आधीच पळालेला जगात तू एकटाच, असं ते म्हणायचे. त्यानंतर त्यांनी पोटच्या पोराचं, तुझं, नाव टाकलं होतं. पण वैशाखात मिरजेच्या डॉक्टरांनी, हृदय थकलंय, दोन-तीन महिने काढतील, असं सांगितलं, तेव्हा म्हातारा परतीच्या एस.टी.त बसता बसता एवढंच बोलला, “जोत्याला कळवा.” मी तीन पत्रं टाकली. तुझं उत्तर आलं नाही. (पोस्टमनवर संशय घेऊन मी त्याच्याशी भांडूनही घेतलं. गरीब माणूस आहे, ऐकून घेतलं त्यानं.)

त्याच सुमारास रेडिओनं सांगितलं की अमेरिकेचं स्कायलॅब नावाचं अवकाशयान आभाळातून खाली येणार, कुठं पडेल ते सांगता येत नाही. आबा ब्रह्मदेशात विमानं पाडायच्या तोफेवर होते हे तुला माहीत आहेच. त्यांनी खाट अंगणात काढायला लावली, मनगटाला घड्याळ बांधलं आणि ड्यूटी सुरू केली. जूनमध्ये एका रात्री आभाळ मोकळं होतं. सात वाजून वीस मिनिटांनी नैऋत्येकडून एक ठळक तारा निघाला आणि गावावरून चालत गेला. आबा पडल्या पडल्या पहाऱ्यावरच्या शिपायासारखे ओरडले, “हुकुमदार!” सगळी आळी गोळा झाली. नऊला दहा कमी असताना पुन्हा एक आला, जरा मिणमिणता, तो अर्ध्यावरच विझला. पहाटे पाचच्या आत तिसरा, तो वायव्येकडून.

झालं! सरपंच आप्पासोंनी सकाळी चावडीत जाहीर केलं की स्कायलॅबं तीन आहेत आणि गावात आळ्याही तीन. अर्ध्यावर विझलं ते धाकटं, ते धनगर आळीच्या वाट्याला दिलं. त्यावर धनगर आळी रुसली. मरायच्या वेळीसुद्धा आम्हाला लहानच का, असा त्यांचा सवाल. आबा खाटेवरून सांगत होते, “आरं एकच हाय त्ये! गस्त घालतंय, दर दीड तासाला राऊंड!” पण आजारी माणसाचं कोण ऐकतो? सिद्धू धनगरानं तर, मरायचंच तर खाऊन मरू, म्हणून अकरा बकरी कापून गावाला जेवण घातलं. आम्हीही जेवलो. आता तो बकऱ्यांच्या रिकाम्या वाड्यात काठी घेऊन बसतो, आणि जेवलेला एकही माणूस तिकडून जात नाही. (मी मागच्या वाटेनं जातो.)

आबांना मात्र त्या ताऱ्याचा लळा लागला. तो येऊन गेला की ते माझ्याकडे बघत आणि म्हणत, “त्यो बघ, दीड तासात दुनिया फिरून घरला येतोय. आन् आमचा जोत्या? म्हाबळेश्वर लय लांब हाय व्हय रं?” मग स्वतःच म्हणत, “येतंय. त्ये आलं, तवा ह्ये बी येतंय.” तो तारा पडायच्या आत तुला बघायचं, एवढी एकच गोष्ट त्यांनी धरून ठेवली होती.

अकरा जुलैच्या रात्री ते पडलं, कुठंतरी समुद्रावर आणि ऑस्ट्रेलियात. सकाळी बातमी ऐकली आणि मी रेडिओतले सेल काढून कोनाड्यात लपवले. आबांच्या डोळ्यांवर तोवर पुरता पडदा आला होता. संध्याकाळी विचारलं, “आला का?” मी म्हणालो, “आला, आबा. गेला देवळावरून.” नऊच्या सुमाराला पुन्हा. पहाटे पुन्हा. महिनाभर मी पडलेलं स्कायलॅब दिवसातून तीनदा गावावरून फिरवलं. एकदा झोप लागली, तर तुझ्या वहिनीनं, साळूबाईनं, परस्पर फिरवलं. तेही चुकीच्या दिशेनं. आबा म्हणाले, “रस्ता चुकलं वाटतं.” ती पदर तोंडाला लावून आत गेली. हसत होती की रडत होती, मी विचारलं नाही.

तुझा भाऊ,
हंबीरराव

ता. क. ‘श्री’ घाईत राहिलेला नाही. अशुभाच्या पत्रावर तो घालत नाहीत, आणि असं पत्र वाचून फाडून टाकतात, हे तुला ठाऊक आहे. आबा परवा गुरुवारी दिवेलागणीला गेले. पहिल्याच ओळीत लिहिलं असतं तर तू पुढचं वाचलं नसतंस, म्हणून आधी तुला हसवायला बघितलं.

आणखी एक. गुरुवारी त्यांनी ताऱ्याचं विचारलं नाही. “जोत्या आला का?” म्हणाले. महिन्याभराच्या सवयीनं माझ्या तोंडून गेलं, “आला, आबा.” तर म्हणाले, “मग हुबा का? बसव त्येला, च्या दे.” साळूनं खरंच चहा टाकला. तो कप त्यांच्या उशाशी गार झाला. दहावा शनिवारी, अठरा तारखेला आहे. पावसात तुला तिकडे प्रवासी नाहीत, तेव्हा ती सबब सांगू नकोस. महिनाभर खोटं बोललो त्याचं मला काही वाटत नाही. पण हे शेवटचं तेवढं खरं कर.