बिघडला नव्हता

ठमाबाई,

मी दुकानात जातोय, एक मोठं घड्याळ आज द्यायचंय. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय. आधी जेव, मग बाहेरच्या खोलीतला कॉम्प्युटर लाव. तुझ्या जुन्या व्हिडिओ गेमचं चित्र दिसेल, त्यावर दोनदा क्लिक कर. कंट्रोलर तुझाच आहे, वायर नवी घातलीय. लाल बटण जरा जोरात दाब.

आता खरं सांगतो. दहावीच्या वर्षी तो गेम बिघडला नव्हता. मीच कपाटावर लपवला आणि बिघडला म्हणून सांगितलं. तू आठ दिवस माझ्याशी बोलली नाहीस, तरी मी कबूल केलं नाही. चुकलंच माझं.

पण त्या गेमच्या कॅसेटमध्ये तुझा डाव एका बारक्या सेलवर टिकून असतो. सेल संपला की सगळं पुसलं जातं. अठरा वर्षांत मी तो तीनदा बदललाय, तोही बाजूला दुसरा सेल जोडून, क्षणभरही करंट न तोडता. घड्याळजीचा हात आहे, उगाच नाही. काल सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. कोपऱ्यावरचा कॉम्प्युटरवाला म्हणाला, काका, या वयात नाही जमायचं. जमलं.

चार दिवस झाले तू आलीस, दार लावून बसलीयस. नोकरी का सोडलीस ते मी विचारणार नाही. शेजारपाजारचे विचारतील, त्यांना मी बघून घेतो.

त्या डावात तू किल्ल्याच्या दाराशी थांबली होतीस. अजून तिथेच आहेस. दोन लाइफ शिल्लक आहेत, मी एकही वापरलेली नाही.

बाबा